आलिशान आणि झगमगीत आधुनिक हॉटेलात राहताय? या चुका टाळा

काही हॉटेलं नुसता फोटो बघून ओळखता येतात. तिथे आपण दोन गोष्टींचे पैसे मोजतो, एक खोलीचे आणि दुसरे त्या इमारतीचे. गडबड होते ती नेमकी यातच. शिडाचा आकार, कललेला मनोरा, लाटेसारखी वळत गेलेली काच हे सगळं बाहेरून बघणाऱ्याला दिसतं. आत राहणाऱ्याच्या वाट्याला त्याचे परिणाम येतात: तिरकी भिंत, दुपारभर आत घुसणारं ऊन, काही केल्या न सापडणारा स्विच, फोनची गायब झालेली रेंज. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते अशा हॉटेलांना चपखल लागू पडतं. पण आधी थोडी चौकशी केली तर बराचसा त्रास वाचतो, आणि उरलेल्यावर तिथल्या तिथे उपाय करता येतो.

इमारत बघून बुकिंग, खोलीची चौकशी शून्य

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हॉटेल त्या इमारतीत आहे याचा अर्थ तुमची खोली फोटोतल्या जागी आहे असा होत नाही. बुर्ज खलिफाचंच घ्या. जगातली सगळ्यात उंच इमारत, आणि त्यात २०१० पासून अर्मानी हॉटेल. पण हॉटेलचा पसारा तळाच्या आठेक मजल्यांत आणि ३८व्या-३९व्या मजल्यावर आहे. ढगांच्या वरून शहर बघायचं तर १२४व्या मजल्यावरच्या गॅलरीत वेगळं तिकीट काढून जावं लागतं. यात हॉटेलने काही लपवलेलं नाही. आपणच मनात इमारतीची उंची आणि खोलीची उंची एक करून टाकतो.

स्पेनमधल्या एल्सिएगो गावचं मार्केस दे रिस्काल हे हॉटेल फ्रँक गेरींनी डिझाइन केलं आणि ते २००६ मध्ये सुरू झालं. गुलाबी, सोनेरी, रुपेरी धातूच्या फिती हवेत भिरकावून दिल्यासारखं त्याचं छप्पर आहे. पण तिथल्या सगळ्या खोल्या त्या फितींखाली नाहीत. बऱ्याचशा शेजारच्या विंगमध्ये आहेत आणि तिकडे एका पुलावरून जावं लागतं. कुणाला त्याने फरक पडत नाही. ज्याला पडतो त्याने बुकिंग करतानाच विंग विचारून घ्यावी.

उलटी गंमतही होते. हाँगकाँगचं रिट्झ-कार्लटन हॉटेल इंटरनॅशनल कॉमर्स सेंटर (आयसीसी) या टॉवरच्या १०२व्या ते ११८व्या मजल्यांवर आहे, म्हणजे उंचीची हौस पुरेपूर भागते. पण इतक्या वर ढग खिडकीशीच येऊन थांबले की दिवसभर पांढऱ्या भिंतीकडे बघत बसायची वेळ येऊ शकते. अशा ठिकाणी एकच रात्र असेल तर त्या मोसमात हवा कशी असते हे बघितल्याशिवाय व्ह्यूसाठी जादा पैसे मोजू नयेत.

मग विचारायचं काय? खोली नेमक्या कुठल्या टॉवरमध्ये किंवा विंगमध्ये आहे, या श्रेणीतल्या खोल्या कुठल्या मजल्यापासून कुठल्या मजल्यापर्यंत आहेत, आणि खिडकी कुठल्या दिशेला उघडते. फोनवर उत्तर मिळालं तरी ईमेलवर लिहून मागा. ‘पार्शल व्ह्यू’ असं लिहिलेलं असेल तर समुद्र खिडकीच्या कडेला गाल टेकवूनच दिसणार असं धरून चाला.

आणखी एक साधी गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. इमारतीच्या आत राहिलात की ती इमारतच दिसत नाही. सिंगापूरच्या मरीना बे सँड्सची ओळख म्हणजे तीन टॉवरच्या डोक्यावर ठेवलेली ती भलीमोठी नाव. ती डोळे भरून बघायची तर खाडीच्या पलीकडच्या काठावर जायला हवं. दुबईचं बुर्ज अल अरब किनाऱ्यापासून सुमारे २८० मीटर आत, कृत्रिम बेटावर आहे. त्याचं शीड शेजारच्या किनाऱ्यावरूनच छान दिसतं, आत राहणाऱ्याला नाही. म्हणून माझं सरळ मत: चार रात्री असतील तर एकच त्या प्रसिद्ध इमारतीत काढा आणि बाकीच्या समोरच्या एखाद्या साध्या, नीटनेटक्या हॉटेलात, जिथून ती इमारत दिसते.

पण एका रात्रीचा हिशोब डोळसपणे करा. चेक-इन दुपारी तीनला आणि चेक-आउट सकाळी अकराला असेल तर हातात वीस तास राहतात, त्यातले सात-आठ झोपेत जातात. सामान आधी ठेवून घेतील का, खोली मिळण्याआधी आणि सोडल्यानंतर स्विमिंग पूल वापरता येईल का, हे दोन प्रश्न विचारलेत तर पदरात आणखी पाच-सहा तास पडू शकतात. काही हॉटेलं आनंदाने हो म्हणतात, काही साफ नाही म्हणतात.

कललेल्या आणि वळलेल्या इमारतींची निराळीच तऱ्हा असते. अबुधाबीचा कॅपिटल गेट हा हॉटेल असलेला मनोरा १८ अंश कललेला आहे. बाहेरची भिंत तिरकी गेली की एकाच श्रेणीतल्या दोन खोल्याही एकसारख्या राहत नाहीत. एकीत खिडकीजवळ ऐसपैस कोपरा मिळतो, तर दुसरीत भिंत आत झुकल्यामुळे तिथे उभं राहताना डोकं सांभाळावं लागतं. वेबसाइटवर फोटो साहजिकच सगळ्यात देखण्या खोलीचा लागतो. जादा बेड किंवा पाळणा लागणार असेल तर ‘ठेवता येईल का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘ठेवल्यावर चालायला जागा उरते का’ हेही विचारा आणि खोलीचा आराखडा मागा. बऱ्याच हॉटेलांकडे तो तयार असतो.

जाता जाता एक: ‘सात स्टार’ हा शब्द जाहिरातीत दिसला म्हणून भुलू नका. ही बिरुदावली सगळ्यात जास्त बुर्ज अल अरबला चिकटली, पण ती अधिकृत श्रेणी नव्हे. हॉटेलांच्या नेहमीच्या अधिकृत क्रमवारीत पाच तारे म्हणजे वरची पायरी.

काचेच्या बाथरूमबद्दल आधी न विचारणं

आधुनिक हॉटेलांना बाथरूमला भिंत असणं मागासलेपणाचं वाटतं की काय, कोण जाणे. पलंग आणि शॉवर यांच्यामध्ये नुसती काच. टब थेट खिडकीशी. टॉयलेटला दुधी काचेचं दार, आणि तेही छतापर्यंत न पोचणारं. जोडप्याला यात मजा वाटेल. पण आईबरोबर, मित्राबरोबर, मोठ्या मुलांबरोबर एका खोलीत राहायचं असेल तर पहिल्या सकाळीच सगळ्यांची पंचाईत होते, आणि मग एकजण अंघोळ करताना बाकीच्यांनी लॉबीत जाऊन बसायचं असा तोडगा निघतो.

हॉटेलच्या फोटोंत हे सहसा नीट कळत नाही, कारण फोटो नेमका अशा कोनातून काढलेला असतो की काच दिसतच नाही. राहून आलेल्यांनी टाकलेले फोटो चाळा. शिवाय थेट विचारा: टॉयलेटला पूर्ण बंद होणारं दार आहे का? शॉवरच्या काचेवर आतून पडदा आहे का? हे विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. रिसेप्शनवाल्यांना हा प्रश्न सवयीचा आहे.

काही ठिकाणी बटण दाबलं की दुधी होणारी काच असते. तिच्या नेहमीच्या प्रकारात वीज चालू असताना काच पारदर्शक राहते आणि वीज गेली की दुधी होते. म्हणून बटण दाद देत नसेल तर घाबरून जाऊ नका. भिंतीतल्या खाचेतून की-कार्ड काढून बघा. त्या काचेची वीजही खोलीच्या मुख्य प्रवाहावर असेल तर ती आपोआप दुधी होईल. आणखी एक लक्षात ठेवा: काच दुधी झाली तरी आतला दिवा प्रखर असेल तर सावली स्पष्ट उमटते. बाथरूममधला मोठा दिवा बंद ठेवून आरशाचा मंद दिवा लावला की काम भागतं.

शॉवरला उंबरठा नसणं हीसुद्धा अशीच एक हौस. एकसंध दगडी जमीन दिसायला सुरेख, पण उतार कमी पडला की पाणी थेट पलंगाकडे निघतं. दाराशी एक जाड टॉवेल गुंडाळून ठेवा. नळ पहिल्यांदा सुरू करताना बाजूला उभं राहून हात लांब करूनच फिरवा. तीन सारख्या दिसणाऱ्या मुठींपैकी कुठली छतातल्या शॉवरची आहे हे त्या मुठी सांगत नाहीत, आणि पहिलं पाणी गार असतं. गुळगुळीत दगड ओला झाला की घसरतो. वयस्कर माणूस बरोबर असेल तर न घसरणारी मॅट आणि हाताला धरायचा दांडा असलेली खोली बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा.

दिवे बंद होत नाहीत, पडदा हलत नाही, एसी रुसलाय

रात्रीचे साडेअकरा. पलंगाशेजारी आठ बटणांचं काळं चकचकीत पॅनेल. बटणांवर अक्षरं नाहीत, फक्त चिन्हं: एक चंद्र, एक पान, एक खुर्ची आणि एक काहीतरी जे दिवाही असेल किंवा घंटाही. चंद्र दाबला की सगळं विझतं, पण पलंगाखालची निळसर पट्टी तेवढी जळत राहते. खुर्ची दाबली की पडदे उघडायला लागतात. पुन्हा चंद्र. पडदे अर्ध्यावर थांबतात. आता खोलीत अंधार, समोर उघडं शहर, खाली निळी पट्टी, आणि घंटा दाबली गेली असेल तर थोड्याच वेळात दारावर टकटक.

हे होऊ द्यायचं नसेल तर उपाय एकच. सामान घेऊन जो कर्मचारी खोलीपर्यंत येतो त्याला पाच मिनिटं थांबवा. मास्टर स्विच, पलंगाखालचा दिवा, पडदे, एसी, तिजोरी आणि टबाची खिट्टी हे सगळं त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने एकदा करून बघा. तो दाखवत असताना आपण नुसती मान हलवतो आणि रात्री काही आठवत नाही.

तरीही अडलंच, तर एकेक बघू.

एखादी पट्टी किंवा कपाटातला दिवा काही केल्या विझत नसेल तर तो बहुधा हालचालीवर चालणारा असतो. रात्री कुणी उठलं तर वाट दिसावी म्हणून ही सोय केलेली असते. दोन-तीन मिनिटं हालचाल केली नाही की तो विझतो. झोपेत कूस बदलली की पुन्हा लागत असेल तर हाऊसकीपिंगला सांगा, ते बंद करून देतात. त्यावर टॉवेल टाकू नका, दिवा तापतो.

पलंगाजवळचा टॅब्लेट अडकला तर कार्ड खाचेतून काढा, अर्धा मिनिट थांबा, परत घाला. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर दाराशेजारी साधी बटणं असतात का बघा, टॅब्लेट रुसला तरी ती बहुधा चालतात.

मोटरवरचे पडदे जोर लावून ओढू नका. काहींना हलकासा हिसका दिला की मोटर स्वतःच पुढचं काम करते, पण ज्यांच्यात ही सोय नसते त्यांच्या आतल्या चाकांचे दात तुटतात. दोन पडद्यांच्या मधल्या फटीतून पहाटे उन्हाची तिरीप नेमकी डोळ्यांवर येते. त्यावर कपाटातला चिमटे असलेला हँगर हा नामी उपाय. दोन्ही कडा एकत्र धरून चिमटा लावायचा आणि झोपायचं.

एसी अचानक बंद पडला तर आधी बाल्कनीचं दार बघा. दार उघडं असेल तर एसी बंद व्हावा म्हणून चौकटीत सेन्सर बसवलेला असतो. जड सरकतं दार आपल्याला लागल्यासारखं वाटतं, पण शेवटचा ‘खट्’ आवाज आलेला नसतो. नीट लावून मिनिटभर थांबा. काही खोल्यांत माणूस आहे की नाही हे ओळखणारा सेन्सरही असतो आणि तो रात्री गाढ झोपलेल्याला ‘खोलीत कुणी नाही’ असं समजून थंडावा कमी करतो. हे लागोपाठ दोनदा झालं तर रिसेप्शनला सांगून ती सेटिंग बदलून घ्या. तापमान कितीही खाली नेलं तरी एका आकड्याखाली जात नसेल तर ती मर्यादा मध्यवर्ती यंत्रणेवरून घातलेली असू शकते. तीही विचारून बदलता येते.

मिनीबारमधली बाटली नुसती उचलून बघू नका. वजनावर किंवा सेन्सरवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये वस्तू थोडा वेळ बाहेर राहिली की ती बिलात चढते. त्यात आपली औषधं कोंबायलाही जाऊ नका. इन्सुलिनसारखं थंड ठेवायचं औषध असेल तर आधी कळवून साधा रिकामा फ्रिज मागा.

काच म्हणजे फक्त देखावा, असं समजणं

अशा हॉटेलात काच हीच अर्धी इमारत असते आणि तिचे गुणदोष माहीत नसले की दिवस वाया जातो.

लास वेगासच्या व्हदारा हॉटेलची बाहेरची काच आतल्या बाजूला वळलेली आहे. २०१० मध्ये तिथल्या पूलाशी पडलेल्या पाहुण्यांना चटके बसल्याच्या आणि प्लॅस्टिकची पिशवी वितळल्याच्या बातम्या आल्या. वळलेल्या काचेवरून ऊन परावर्तित होऊन एका पट्ट्यात एकवटत होतं. त्याच वास्तुरचनाकाराच्या, राफाएल विन्योली यांच्या लंडनमधल्या एका टॉवरने २०१३ मध्ये खाली उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळवले होते. भिंगाने कागद जाळायचा खेळ आठवा, फक्त भिंग अख्ख्या टॉवरएवढं. आत वळलेल्या काचेसमोर पूल असेल तर पाण्यावर आणि फरशीवर सरकणारा झळाळता पट्टा दिसतो का ते बघा. तो सूर्याबरोबर सरकत जातो, म्हणून आत्ता सावलीत असलेली खुर्ची तासाभराने त्याच्या वाटेत येऊ शकते. तिथे डुलकी काढू नका आणि फोन ठेवून पाण्यात उतरू नका.

खोलीत जमिनीपासून छतापर्यंत काच आणि दिशा पश्चिम, असं असेल तर दुपारी बाहेर पडताना आतला पातळ पडदा ओढून जा. नाहीतर परतल्यावर एसीला खोली थंड करायला बराच वेळ लागतो आणि आपण उगाच तक्रार करतो.

रात्री याच काचेची तऱ्हा उलटी होते. दिवसा बाहेरून आरशासारखी दिसणारी, आतलं काही न दाखवणारी काच अंधार पडल्यावर बरोबर उलट वागते, कारण आता उजेड आत असतो. आपल्याला काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं आणि समोरच्या टॉवरला आपण दिसतो. कपडे बदलायच्या आधी पडदा ओढा, मजला पन्नासावा असला तरी. आणि शहराचे दिवे बघायचे असतील तर खोलीतले सगळे दिवे विझवा. प्रतिबिंब विरतं आणि समोरचं शहर उजळून निघतं. फोटो काढताना फोनची लेन्स काचेला टेकवा आणि बाजूने हाताचा आडोसा करा.

आता रेंज. उष्णता अडवण्यासाठी अशा काचेवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. हा थर उन्हाबरोबर मोबाइलचा सिग्नलही अडवतो. त्यात इमारत काँक्रीट आणि पोलादाची. त्यामुळे लॉबीत फोन चालतो, खोलीत चालत नाही, असं होतं. एरवी हे चालून जाईल, पण नेमकं काहीतरी बुक करताना बँकेचा ओटीपी येत नाही आणि व्यवहार अडकतो. निघण्यापूर्वी फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करून ठेवा आणि परदेशात ते तुमच्या कंपनीकडून चालतं का तेही तपासा. खोलीत रेंज नसेल तर बाल्कनीत जा, ती नसेल तर लॉबीत. आणि पैशाची कामं खोलीत जाण्याआधीच उरका.

अॅट्रिअमचा आवाज आणि लिफ्टचं कोडं

हॉटेलच्या पोटात भलीमोठी पोकळी ठेवायची आणि खोल्यांची दारं तिच्याभोवती लावायची, ही कल्पना १९६७ मध्ये वास्तुरचनाकार जॉन पोर्टमननी अॅटलांटातल्या हयात हॉटेलमध्ये २२ मजल्यांच्या अॅट्रिअमने गाजवली. पुढे शांघायच्या जिन माओ टॉवरमधल्या हॉटेलात ही पोकळी ५६व्या मजल्यापासून ८७व्यापर्यंत गेली, आणि बुर्ज अल अरबमध्ये तिची उंची सुमारे १८० मीटर झाली. वर मान करून बघताना भान हरपतं. पण तळाशी बार असेल आणि तिथे रात्री पियानो वाजत असेल तर आवाज वर चढतो, आणि दारात फट असेल तर थेट खोलीत येतो. आवाजाने झोपमोड होणाऱ्यांनी लॉबीतलं संगीत किती वाजेपर्यंत चालतं हे विचारावं आणि बारपासून लांबची, वरची खोली मागावी.

उंचीची भीती असलेल्यांसाठी हा मुद्दा याहून मोठा आहे. व्ह्यू नको म्हणून खालची खोली घेतली तरी लिफ्टपासून दारापर्यंतचा रस्ता एका कठड्याच्या कडेने जातो आणि पलीकडे खोल दरी. तो रस्ता दिवसातून दहा वेळा चालायचा आहे. अशा माणसाने लिफ्टजवळची खोली घ्यावी. लिफ्टचा थोडा आवाज सोसावा लागला तरी चालेल. लहान मुलं बरोबर असतील तर कठड्याशी खुर्ची किंवा सामानाची ट्रॉली उभी ठेवू नका. मूल त्यावर चढायला वेळ लागत नाही.

लिफ्टमध्ये शिरल्यावर आत बटणंच नाहीत असं दिसलं तर लिफ्ट बिघडलेली नाही. अशा यंत्रणेत मजला बाहेरच्या पॅनेलवर टाकायचा असतो, मग ते पॅनेल एक अक्षर दाखवतं आणि त्या अक्षराच्या लिफ्टची वाट बघायची. दुसऱ्या उघड्या लिफ्टमध्ये घाईने घुसलात तर ती तुम्हाला तिच्या मर्जीच्या मजल्यावर नेऊन सोडेल. पाच जण असाल तर प्रत्येकाने मजला टाका किंवा कार्ड टेकवा. एकानेच टाकलं तर यंत्रणा एकाच माणसाची जागा धरते आणि भरलेली लिफ्ट समोर येते.

उंच टॉवरमधल्या हॉटेलांचं रिसेप्शनही बऱ्याचदा वर असतं. हाँगकाँगच्या रिट्झ-कार्लटनचं १०३व्या मजल्यावर, जिन माओमधल्या हॉटेलचं ५४व्या. म्हणजे रस्त्यावरून एका लिफ्टने तिथे आणि तिथून दुसऱ्या लिफ्टने खोलीकडे. खोलीतून निघून गाडीत बसायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. विमान गाठायचं असेल तर हा वेळ वेगळा धरा. खाली मॉल, कार्यालयं, दुसरं हॉटेल असं संकुल असेल तर ड्रायव्हरला नुसतं हॉटेलचं नाव सांगून भागत नाही, टॉवर आणि प्रवेशद्वारही सांगा.

वळणाच्या कॉरिडॉरमध्ये दिशा कळत नाही. खोली सापडली की दारापासून आगीच्या जिन्यापर्यंत किती दारं आहेत ती मोजा आणि जिन्याचं दार उघडून बघा. धूर असला की पाट्या दिसत नाहीत, पण हाताने दारं मोजत जाता येतं. लिफ्ट तेव्हा वापरायची नाही, हे मुलांनाही सांगून ठेवा.

वाऱ्याच्या रात्री वरच्या मजल्यावर भिंतीतून कुरकुर आली किंवा कमोडमधलं पाणी हलताना दिसलं तर दचकू नका. उंच इमारती वाऱ्यात थोड्या डोलतातच, तशाच त्या बांधलेल्या असतात. मरीना बे सँड्सचे तीन टॉवर वेगवेगळे हलतात म्हणून वरच्या पूलाखाली ती हालचाल पोटात घेणारे सांधे दिलेले आहेत. दाराच्या फटीतून शीळ येत असेल तर खाली टॉवेल लावा.

पूल आणि फोटो

मरीना बे सँड्सचा ५७व्या मजल्यावरचा दीडशे मीटर लांबीचा पूल फक्त तिथे उतरलेल्यांसाठी आहे. शेजारच्या निरीक्षण गॅलरीचं तिकीट काढून पूलात उतरता येत नाही. बाहेरून आलेले अनेकजण इथे हिरमुसतात. उंचावरचे पूल वीज कडाडली किंवा वारा वाढला की बंद करतात, म्हणून ‘शेवटच्या दिवशी जाऊ’ असं म्हणू नका, मिळेल त्या पहिल्या संधीला जा. पहाटे उघडताच गर्दी सगळ्यात कमी असते. ट्रायपॉड आणि ड्रोनला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते. बाकी फोटोत दुसऱ्यांची मुलं येऊ देऊ नयेत, एवढं पुरे.

तक्रार चेक-आउटच्या वेळी करणं

रात्रभर आवाजाने झोप लागली नाही आणि सकाळी बिल भरताना ते सांगितलं, तर हॉटेल फार तर दिलगिरी व्यक्त करेल. रात्री अकरालाच फोन केला असता तर खोली बदलून मिळाली असती. तक्रार करताना काय हवंय तेही सांगा: ‘दुसरी खोली द्या किंवा तंत्रज्ञ पाठवा.’ रिसेप्शनवर काम होत नसेल तर ड्यूटी मॅनेजरला बोलवा. मोठ्या हॉटेलात रात्रीही तो असतो आणि त्याच्याकडे निर्णयाचे अधिकार असतात. आवाज चढवण्याची गरज पडत नाही. फोन किती वाजता केला आणि कुणाशी बोललात ते टिपून ठेवा. खोली बदलून देत असतील तर सामान हलवण्याआधी ती बघून या.

पैशांच्या चुका

छापलेल्या दरापुढे दोन अधिक चिन्हं, म्हणजे ‘++’, दिसली तर सेवा शुल्क आणि कर वेगळे. काही ठिकाणी रोजची रिसॉर्ट फीसुद्धा असते, ती पूल वापरा किंवा वापरू नका. बुकिंग करण्याआधी सगळं धरून एकूण रक्कम किती हे विचारा.

चेक-इनला कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. खोलीचं भाडं आधी भरलेलं असलं तरीही, कारण ही रक्कम मिनीबार, स्पा, रेस्तराँ अशा खर्चासाठी असते. इथे डेबिट कार्ड देऊ नका. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा अडकते, डेबिट कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात आणि चेक-आउटनंतर मोकळे व्हायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर उरलेल्या प्रवासात खातं रिकामं. रोज किती रक्कम अडवणार हे आधी विचारा. बरोबरच्यांपैकी कुणी खोलीच्या खात्यावर सही करून खर्च करायचा नसेल तर तेही सांगून ठेवा.

शेवटच्या रात्री टीव्हीवर किंवा अॅपमध्ये आपलं बिल उघडून बघा, ही सोय बहुतेक हॉटेलांत असते. न घेतलेली बाटली चढलेली दिसली तर लगेच फोन करा. हाऊसकीपिंगने मिनीबार मोजेपर्यंत सकाळची टॅक्सी दारात उभी असते आणि मग माणूस भांडण नको म्हणून भरून टाकतो. चेक-आउट करताना अंतिम बिलाची प्रत घ्या आणि अडवलेली रक्कम सोडल्याचं ईमेल मागा. तीन आठवड्यांनी पैसे मोकळे झाले नाहीत तर आधी बँकेला फोन करा आणि तेच ईमेल पाठवा. हॉटेलने रक्कम सोडलेली असली तर पुढचं काम बँकेचंच असतं.